सहीसाठी शॉक?

आज सिएटलमध्ये ऑफिसातून परतताना पोलिसानं गाडी बाजूला घ्यायला लावली. मागचा एक दिवा गेला होता, बस्स. समज देऊन सोडलं, बोलणंही सभ्य. पण तो खिडकीशी वाकला तेव्हा त्याच्या कमरेची पिवळी टेझर (विजेचा शॉक देणारी बंदूक) नेमकी माझ्या डोळ्यांसमोर. दोन्ही हात स्टिअरिंगवर, आणि मेलं लक्ष सगळं तिच्याकडे!

याच शहरात २००४ मध्ये सात महिन्यांच्या गरोदर बाईला शाळेजवळ ताशी २० मैलांच्या हद्दीत ३२ नं गाडी चालवली म्हणून थांबवलं होतं. मुलाला शाळेत सोडायला आली होती ती. तिकिटावर (म्हणजे चलानावर) सही करेना, गाडीतून उतरेना. तर मांडीला, दंडाला आणि मानेला असे तीन शॉक. मिनिटभराच्या आत! २०११ मध्ये अपील कोर्टानं बळाचा अतिरेक झाला असं मानलं, पण २००४ मध्ये याबाबत कायदा पुरेसा स्पष्ट नव्हता म्हणून पोलिसांना खटल्यापासून संरक्षण मिळालं. (हे कसलं लॉजिक, देव जाणे.)

चाकू घेऊन अंगावर येणाऱ्यावर टेझर चालवा, गोळीपेक्षा बरंच. पण सही नाही म्हणून? नंबर प्लेट समोर होती, बाई कुठे पळून जात नव्हती. समन्स धाडायचं की घरी!