वर एक

"आत्या, डझन म्हणजे साधारण किती किलो?"

दुपारची जेवणं आटोपली होती. भाचा सोफ्यावर आडवा पडून मोबाइलवर किराणा मागवत होता, आणि मी ओटा पुसता पुसता आतूनच सांगितलं होतं, केळी डझनभर टाक. मुलगा इंजिनिअर आहे, डझनात किती असतात ते त्याला ठाऊक आहे. पंचाईत वेगळीच होती. त्या अ‍ॅपवर केळी ग्रॅममध्ये होती. आता बारा केळ्यांचं वजन मला कुठून माहीत असणार? उभ्या जन्मात मी केळी तोलून घेतलेली नाहीत.

तो वाढला बंगळुरात. तिकडे केळी किलोवर. केरळातही किलोवर. मला हा प्रकार पटत नाही. सालीसकट केळं तोलायचं म्हणजे सालीचेही पैसे द्यायचे, आणि ती टाकायची गायीपुढे. भाचा म्हणाला, "डझनातसुद्धा सालीसकटच देतात ना?" बरोबर आहे त्याचं. तरी पटत नाही. शेवटी त्याने अंदाजे दीड किलो टाकली. दारात आली तेव्हा मी मोजली, तर अकरा! अकरा केळी हा काय आकडा झाला? देवळात अकरा रुपये ठेवावेत, केळी नाहीत.

तेव्हापासून डझन डोक्यात बसलाय. शेर गेला, मण गेला, पायली फक्त म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात उरली, पण साहेबाचा डझन मात्र घरच्यासारखा राहिला. अंड्यांचंच बघा. घाऊक बाजारात अंड्यांचा भाव निघतो शेकड्यावर, दुकानात ती येतात तीसच्या ट्रेमधून, आणि आपण मागतो अर्धा डझन. तीन ठिकाणी तीन हिशेब, तरी अंडं कुठे अडत नाही.

बांगड्यांनाही डझनच. कासार मनगट दाबून दाबून बांगड्या चढवायचा तेव्हा अलिखित कायदा असा, की चढताना वाढली तर ती त्याची, चढल्यावर वाढली तर आपली. त्यामुळे शेवटच्या दोन बांगड्या चढेपर्यंत दोघंही श्वास धरून बसायचे.

आणि वह्या! जून उजाडला की अप्पा बळवंत चौकात जाऊन वह्यांचे गठ्ठे आणायचे. सुट्या वहीचा भाव वेगळा, डझनाचा वेगळा, त्यामुळे वडील सुटी वही घेणं हा गुन्हा समजत. एका डझनात सगळ्या वह्या एकाच जातीच्या. एकरेघी डझन संपायचा, दुरेघीही संपायचा. घोडं अडायचं चौरेघीपाशी. इंग्रजीसाठी चौरेघी लागायच्या दोन, फार तर तीन. पण घ्यायच्या बारा. आमचं चार रेघांत एबीसीडी गिरवायचं वय सरलं, आवाज फुटले, दादाला मिशी आली, तरी चौरेघी संपेना. मग आईने त्यात दुधाचा हिशेब लिहायला घेतला. "१ लि." मधला एक वरच्या रेघेला टेकलेला, लि खालच्या रेघेवर, अगदी बाईंनी शिकवल्यासारखं. तारखा मात्र चारही रेघा सोडून समासात. धोब्याचा हिशेब त्याच वहीत मागून, उलट्या बाजूने. मध्ये कुठेतरी दूध आणि धोबी समोरासमोर आले की वही संपली. तीन वर्षांनी.

पण डझनाचा खरा दरबार भरायचा तो आंब्याच्या दिवसांत. हापूसची पेटी आकाराने साधारण तेवढीच असते. डझन वाढले की आंबा लहान आणि भावही उतरता. चार डझनी पेटी म्हणजे ऐट, ती पाहुण्यारावळ्यांच्या घरी पाठवायची. सात-आठ डझनी पेटी रसाची. आम्हा पोरांना हे गणित काही केल्या उमजत नसे. डझन जास्त आणि पैसे कमी, मग लोक चार डझनी घेतातच कशाला? आम्ही आठ डझनाच्या बाजूने जोरदार मत मांडायचो आणि वडील ते मनावर घ्यायचे. त्यात बालहट्ट किती आणि खिसा किती, हे तेव्हा कळलं नाही.

पेटी महाग म्हणून आजी दारावरच्या आंबेवाल्याकडून सुटे डझनही घ्यायची. तो उकिडवा बसून मोजायचा, दोन या हातात, दोन त्या हातात. पहिल्या खेपेला "लाभ" म्हणायचा, मग "दोन", मग "तीन", की झाला डझन. आजी त्याच्या तोंडाकडे बघायची नाही, हातांकडे बघायची. तिचा अंगठा पदराआडून बोटांच्या पेरांवर फिरत असायचा. अंगठा सोडून चार बोटांची पेरं बाराच होतात, त्यामुळे तिला डझनाला एक हात पुरायचा. बारा आंबे झाले की आंबेवाला मोठ्या मनाने आणखी एक ठेवायचा.

"घ्या आजी, वर एक."

"तेरा? भरल्या घरात तेरा देतोस? चौदा कर."

"अहो, तेराला काय झालं?"

"शुभकार्य आहे घरात."

"कुणाचं?"

"होईल. दोन नाती लग्नाच्या आहेत."

त्यातली एक मी. दुसरीत होते. पायरीवर बसून नाकातला शेंबूड वर ओढत होते. आंबेवाल्याने माझ्याकडे एक नजर टाकली आणि निमूटपणे चौदावा आंबा ठेवला.

आंबे माजघरात पेंढ्यात निजायचे. आजी रोज आढी उलटून बघायची आणि डाग पडलेला आधी काढायची. त्यामुळे आमच्या घरात उन्हाळाभर कायम डागी आंबाच खाल्ला गेला, चांगले डागी होण्याची वाट बघत बसले. वाटणीच्या वेळी डझन खरा तोंडघशी पडायचा. बारा दोघांत जातात, तिघांत जातात, चौघांत जातात, सहा जणांतही जातात. आम्ही भावंडं होतो पाच. पाचांत बारा जात नाहीत. आजीने भांडून मिळवलेले चौदाही जात नाहीत. प्रत्येकी दोन झाले की चार उरायचे. त्यांचा रस काढून वाट्या सारख्या भरता येत होत्या, पण बाठे चारच. पाचव्याचं काय, या प्रश्नावर आमच्या घरात जेवढी रडारड झाली तेवढी पुढे इस्टेटीवरूनही झाली नाही.

आजीचं बाजारातलं गणित आण्यांवर चालायचं. आण्याच्या पै बारा, डझनाचे नग बारा. डझनाला जितके आणे, नगाला तितक्या पै. चार आणे डझन तर एक नग चार पै, पाटी-पेन्सिल कशाला हवी? १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले आणि रुपयाचे शंभर झाले, पुढच्या वर्षी ऑक्टोबरपासून किलोही यायला लागला. शंभरात बारा जात नाहीत. तिने नव्या पैशांना शेवटपर्यंत माफ केलं नाही. सरकारने मुद्दाम केलंय, म्हणायची. आज शंभर रुपये डझनाची चिकू-संत्री असली आणि आपण चारच मागितली, तर होतात तेहतीस रुपये तेहतीस पैसे. विक्रेता सांगतो पस्तीस. हातात मोबाइल असून कुणी हिशेब करत नाही, पस्तीस देऊन मोकळं होतं. आजी असती तर बत्तीसला तुटलं असतं.

तिकडे इंग्लंडातही एक बेकरी डझन असतो म्हणे, तेराचा. जुन्या काळी तिथे पावाच्या वजनाचा कायदा होता, माप कमी भरलं तर शिक्षा व्हायची, म्हणून बेकरीवाले भीतीपोटी डझनाला एक पाव वर टाकायचे, अशी कथा सांगतात. म्हणजे साहेबाच्या देशात तेरावा मिळायला राजाची जरब लागली. आमच्याकडे चौदावा एका म्हातारीने काढला.

आमच्या कोपऱ्यावर एक केळीवाला गाडी लावतो. भाच्याच्या त्या अकरा केळ्यांनंतर मी त्याला विचारलं, बाबा रे, सगळं जग किलोवर गेलं, तू डझनावर कसा राहिलास? मला वाटलं होतं तो काहीतरी परंपरेचं बोलेल, गिऱ्हाइकाच्या विश्वासाचं बोलेल. तो म्हणाला, "ताई, काटा ठेवला की दरवर्षी त्याला शिक्का मारून आणायचा, रोज चार्ज करायचा, आणि वर तुम्हीच म्हणणार काटा मारला. मोजून दिली की कटकट नाही. आम्हाला माल किलोवरच मिळतो."

एवढंच कारण. म्हणजे मोजदाद सुरू होते ती त्याच्या गाडीवर. त्याच्या मागे सगळं वजनच आहे. जळगावकडच्या रावेर-यावलच्या पट्ट्यात केळ्याचा भाव क्विंटलवर बोलला जातो. शेतमालाच्या वजनातून कडता म्हणून काही किलो कापायची बाजाराची जुनी खोड आहे. मनाई झाली तरी तक्रारी थांबलेल्या नाहीत. तिथे शेतकऱ्याकडे वर एक कुणी मागत नाही, न मागताच घेतात. मे-जूनच्या वादळात त्या भागातल्या बागा आडव्या झाल्या की बातमीत नुकसान हेक्टरांत येतं. ती बातमी वाचून पानं उलटायची, आणि पुढच्या आठवड्यात डझनामागे दहा रुपये वाढले की गाडीपाशी उभं राहून कुरकुर करायची. मी करते. चांगली मोठ्याने करते.