जर्मनीत सिम, वायफाय आणि दोन वर्षांचं काँट्रॅक्ट: सही करायच्या आधी हे वाचा

सप्टेंबर उजाडला की इथे नवीन मुलं यायला लागतात आणि मला मेसेज सुरू होतात, दादा कुठलं सिम घेऊ, रूमवर नेट कधी येईल, दुकानातला माणूस म्हणतोय आत्ता सही केली तर टॅबलेट फ्री आहे, करू का? प्रत्येकाला वेगवेगळं लिहून सांगण्यापेक्षा एकदाच सगळं इथे लिहून ठेवतोय. आधी मुख्य गोष्ट सांगतो, आल्या आल्या कशावरही सही करू नका. पहिले दोनेक महिने प्रीपेडवर काढा, घराचा पत्ता पक्का होऊ द्या, बँकेचं खातं उघडू द्या, मग निवांत बसून काँट्रॅक्टचं बघा.

प्रीपेड सिम सुपरमार्केटच्या काउंटरवरच मिळतं. आल्डी टॉक ओटूच्या नेटवर्कवर चालतं, लिडल कनेक्ट व्होडाफोनच्या आणि काँगस्टार डॉइचे टेलिकॉम कंपनीच्या. पॅक साधारण चार आठवड्यांचे असतात. पण सिम विकत घेतलं म्हणजे लगेच चालू झालं असं नाही, २०१७ पासून इथे प्रीपेड सिमलासुद्धा ओळख पटवावी लागते, म्हणजे एकतर व्हिडिओ कॉलवर पासपोर्ट दाखवायचा नाहीतर पोस्टात जाऊन. आता व्हिडिओ कॉलला नेट लागतं आणि नेटसाठीच तर सिम घेतलंय, त्यामुळे हे काम युनिव्हर्सिटीच्या किंवा हॉस्टेलच्या वायफायवर बसून उरकून टाका. पासपोर्ट उजेडात धरा, चमक पडली की तो माणूस परत परत दाखवायला सांगतो आणि वैताग येतो. व्हिडिओवर नाहीच जमलं तर सरळ पोस्टात जा, माझ्या मते नवीन माणसाला तेच सोपं. फॉर्ममध्ये पत्ता लागतो, तिथे सध्या जिथे राहताय तो जर्मनीतला पत्ता टाका.

फक्त फिरायला येणाऱ्यांनी एवढ्या भानगडीत पडू नये, निघायच्या आधी फोनमध्ये ट्रॅव्हल ईसिम टाकून घ्या, उतरल्या उतरल्या नेट चालू. पण त्यात बहुतेक वेळा नुसता डेटा असतो, इथला नंबर मिळत नाही, म्हणून राहायला येणाऱ्यांचं त्यावर भागत नाही.

भारतातून आणलेल्या फोनचं एक बघून ठेवा. इथे २०२१ मध्ये थ्रीजी बंद झालं, त्यामुळे तुमच्या मॉडेलला इथल्या नेटवर्कवर व्होल्टी, म्हणजे फोरजीवरूनच कॉल, चालत नसेल तर कॉल आला की फोन थेट टूजीवर जातो आणि बोलणं संपेपर्यंत नेट रडतं. सेटिंगमध्ये व्होल्टी आणि वायफाय कॉलिंग दोन्ही चालू करा. जुन्या जाड भिंतींच्या घरात, तळघरात वगैरे रेंज नसतेच, तिथे वायफाय कॉलिंगच कामाला येतं.

आता घरचं नेट. इथे खरी परीक्षा असते हो. ऑर्डर दिल्यापासून लाईन चालू व्हायला काही आठवडे जाऊ शकतात आणि हे इथल्या लोकांनाही होतं, आपण परदेशी म्हणून नाही. तुमच्या घराला काय मिळेल हे शहरावर नाही तर नेमक्या घर नंबरवर ठरतं, एका बिल्डिंगला फायबर आणि शेजारच्या बिल्डिंगला नुसती तांब्याची जुनी टेलिफोन लाईन असं सर्रास असतं. म्हणून घर बघायला जाल तेव्हाच वेबसाईटवर तो पत्ता टाकून बघा. टीव्हीच्या केबलवरून येणारं नेट डाउनलोडला फास्ट असतं पण अपलोड त्यामानाने कमी, आणि लाईन शेजाऱ्यांमध्ये वाटलेली असल्यामुळे संध्याकाळी सगळे घरी आले की मंदावू शकतं. घरून काम करणाऱ्यांनी अपलोडचा आकडा आधी बघावा, जाहिरातीत मोठ्या अक्षरात फक्त डाउनलोडच असतो.

बऱ्याचदा टेक्निशियन यावा लागतो. त्याची टर्मिन, म्हणजे यायची ठरवून दिलेली वेळ, सकाळी आठ ते बारा असा अख्खा पट्टा असते, तेवढा वेळ घरी थांबायचं. बेलवर तुमचं नाव पाहिजे! इथे फ्लॅट नंबर नसतो, नावावरूनच घर सापडतं, बेलवर आधीच्या भाडेकरूचं नाव असलं तर तो माणूस खालूनच परत जातो. मुख्य जोडणी बहुतेक तळघरात असते, तर किल्ली कोणाकडे आहे ते हाउसमाइस्टरला, म्हणजे बिल्डिंगची देखभाल करणाऱ्या माणसाला, आदल्या दिवशीच विचारून ठेवा. आणि आधीच्या भाडेकरूचं नाव, भिंतीवरच्या सॉकेटवर नंबर असेल तर तोही, कंपनीला द्या, म्हणजे नेमकी लाईन शोधायला सोपं जातं.

माझ्याकडे एकदा ठरलेल्या दिवशी कोणी आलंच नाही, कंपनीकडून फोन नाही मेसेज नाही. तेव्हा एका जर्मन कलीगने सांगितलं की याचे पैसे मिळतात, आणि खरंच मिळतात. डिसेंबर २०२१ पासून जो नवा टेलिकॉम कायदा लागू झाला त्यात कंपनीने टर्मिन चुकवली तर १० युरो किंवा महिन्याच्या बिलाच्या २० टक्के, जे जास्त असेल ते. नेट पूर्ण बंद पडलं आणि तक्रार केल्यावर दोन दिवसांत सुरू झालं नाही तर तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी रोज ५ युरो किंवा बिलाच्या १० टक्के, पाचव्या दिवसापासून रोज १० युरो किंवा २० टक्के, इथेही जे जास्त असेल ते. मात्र तक्रार लेखी करा, तिकीट नंबर जपून ठेवा, फोनवरच्या बोलण्याला इथे काही अर्थ नाही. आपली मुलं भाषेच्या भीतीने हे मागतच नाहीत याचं मला फार वाईट वाटतं, अहो चार ओळींचा ईमेल पुरतो.

स्पीड कमी मिळत असेल तर बुंडेसनेट्झागेन्टूर या सरकारी संस्थेचं मोजायचं फुकट ॲप आहे, लॅपटॉपला लॅन केबल लावून तीन वेगवेगळ्या दिवशी मिळून ३० वेळा मोजायचं. त्यात कमी भरलं तर बिल कमी करून घेता येतं किंवा मुदतीआधी काँट्रॅक्ट सोडता येतं.

काँट्रॅक्ट बहुतेक २४ महिन्यांचं असतं. पहिले काही महिने स्वस्त आणि नंतर दर वाढतो, म्हणून दोन वर्षांच्या बिलांची बेरीज करून २४ ने भागा आणि मग ठरवा. कंपनीला १२ महिन्यांचा पर्यायही ठेवावाच लागतो, तो दुकानात कोणी आपणहून सांगत नाही, तुम्ही विचारा. सही करायच्या आधी एक छोटा सारांश द्यावा लागतो, तो घरी नेऊन वाचा. ऑनलाईन घेतलं तर १४ दिवसांत रद्द करता येतं, दुकानात सही केली तर तसा कायद्याने हक्क नाही, हा फरक फार मोठा आहे. मुदत संपल्यावर पूर्वी आपोआप अजून एक वर्ष वाढायचं, आता एक महिन्याची नोटीस देऊन कधीही सोडता येतं. नवीन आलेल्यांची शुफामध्ये, म्हणजे लोकांच्या पतीची नोंद ठेवणाऱ्या इथल्या कंपनीकडे, पत नसते म्हणून काही वेळा अर्ज नाकारला जातो, घाबरू नका, मधल्या काळात महिन्याच्या नोटिशीवर मिळणारा सिमवाला राऊटर घ्या.

डब्ल्यूजीत, म्हणजे चारपाच जण मिळून एका फ्लॅटमध्ये राहत असाल, तर काँट्रॅक्ट ज्याच्या नावावर असतं बिल त्याच्याच खात्यातून कटतं आणि बाकीचे निघून गेले तरी जबाबदारी त्याचीच राहते, तेव्हा कोण किती दिवस राहणार हे आधी बोलून घ्या. आणि कोणीही, अगदी कोणीही टॉरेंटवरून सिनेमे उतरवू नका. वकिलाचं पत्र येतं, शेकडो युरो मागतात, आणि ते पत्र येतं कनेक्शन ज्याच्या नावावर आहे त्याला.

भारतातलं सिम बंद पडू देऊ नका, बँकेचे ओटीपी त्यावरच येतात. दुसऱ्या स्लॉटमध्ये ठेवा, डेटा रोमिंग बंद ठेवा आणि रिचार्जची तारीख कॅलेंडरला लावा.

जर्मन सिम युरोपियन युनियनमध्ये सगळीकडे जादा पैसे न देता चालतं, २०१७ पासून. स्वित्झर्लंड मात्र त्यात नाही. बाझेल किंवा कॉन्स्टान्झच्या बाजूला गेलात की सीमेच्या अलीकडेच फोन तिकडचं नेटवर्क पकडू शकतो, आपल्या टॅरिफमध्ये स्वित्झर्लंड आहे का ते निघायच्या आधी बघा, नसेल तर तेवढ्यापुरतं रोमिंग बंद करून टाका.