आखाजीला अमळनेर: मांडे, झोका आणि कॅमेऱ्याचा बगळा

मित्राची आजी जळगाव जिल्ह्यात, अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. २०२५ची आखाजी (आपल्याकडची अक्षय्य तृतीया) ३० एप्रिलला होती. खापरावरचे मांडे (पालथ्या मातीच्या भांड्यावर भाजलेल्या मोठ्या, पातळ पुरणपोळ्या) वरून, अगदी डोक्यावरून शूट करायचे म्हणून आम्ही दोन दिवस आधीच गेलो. पुण्याहून जळगावपर्यंत रेल्वे, पुढे एसटी. अमळनेर सुरत-भुसावळ मार्गावर आहे, त्यामुळे गुजरातकडून येणाऱ्यांना थेट उतरता येतं. पुणे-मुंबईवाल्यांना जळगावच सोयीचं. आखाजीला सासुरवाशिणी माहेरी निघतात, एसटीत पाय ठेवायला जागा नसते. तिकीट आधी काढा.

मांडे करताना चुलीभोवती तीन-चार बायका, पुरणाची पातेली, सैल कणकेची परात, तेलाची वाटी. तिथे ट्रायपॉडचे तीन पाय ठेवलेत तर पहिल्या पाच मिनिटांत कोणी तरी अडखळणार, म्हणून मी मॅजिक आर्म (कॅमेरा हवा तिथे धरून ठेवणारा हात) आणि सुपर क्लॅम्प (तो हात पाइपला किंवा गजाला पकडून ठेवणारा चिमटा) नेला होता. ज्यांनी आर्म वापरला नसेल त्यांच्यासाठी: दोन नळ्या, मध्ये कोपर, दोन्ही टोकांना गोळ्याचे सांधे. मधली मूठ आवळली की आतल्या दांड्या दोन्ही टोकांच्या गोळ्यांवर दाबल्या जातात आणि तिन्ही सांधे एकदम घट्ट होतात. आजींनी तो बाहेर काढलेला पाहिला आणि विचारलं, "हाई काय शे भाऊ, बगळानी मान?" तेव्हापासून घरात त्याचं नाव बगळाच.

पण बगळ्याला बसायला फांदी लागते, आणि पहिला दिवस ती शोधण्यातच गेला. माझ्या क्लॅम्पचा जबडा १३ ते ५५ मिलिमीटर धरतो. धाब्याच्या, म्हणजे सपाट मातीच्या छपराच्या घराची सागवानी कडी (छताचा वासा) चांगली सहा इंच जाड, ती जबड्यात जाईचना. खिडकीचे गज बारीक. क्लॅम्प लागला असं वाटायचं, पण कॅमेरा चढवला की हळूहळू गोल फिरायचा. पंक्चरवाल्याकडून सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा आणून गजावर तीन वेढे दिले, तेव्हा पकड आली. तरी गज चुलीपासून लांब. शेवटी अंगणातल्या मंडपाचा जादा पडलेला लोखंडी पाइप दोन कड्यांना आडवा बांधला आणि प्रश्न सुटला. जाण्याआधी यजमानांना फोन करून विचारा: चुलीच्या वर आडवा पाइप बांधता येईल का? आर्म कुठल्या कंपनीचा हा प्रश्न त्यानंतरचा.

आता माझी चूक. फ्रेम थोडी डावीकडे हवी होती, म्हणून एका हाताने मूठ सैल केली. दुसऱ्या हातात मोबाइल. मूठ सैल झाली की एक सांधा नाही, तिन्ही सांधे सुटतात. सातशे ग्रॅमचा कॅमेरा झोका घेऊन खाली आला आणि लेन्सचं हूड थेट पुरणात. क्षणभर कोणीच बोललं नाही, मग सगळ्या बायका अशा हसल्या की मांडा करणारीच्या हातातली पोळी फाटली. पुरणाचं ते पातेलं मला भेट मिळालं. (चव उत्तम होती.) तेव्हा मूठ फिरवण्याआधी दुसरा हात कॅमेऱ्याखाली, मग काहीही होवो. आणि कॅमेऱ्याच्या पट्ट्यातून सुतळी ओवून ती पाइपला वेगळी बांधा. मी ती दुसऱ्या दिवशी बांधली.

आणखी एक बारकी गोष्ट. कॅमेऱ्याखालचा पाव इंची स्क्रू उजवीकडे फिरवला की आवळतो. आर्म आडवा असताना कॅमेरा अशा बाजूला ठेवा की त्याच्या वजनाने स्क्रू आवळला जाईल. उलट ठेवलात तर तासाभरात क्षितिज तिरकं. आर्म पूर्ण ताणायचाही नाही, कोपर दुमडलेलं असलं की थरथर खूप कमी.

चुलीच्या नेमकं वर कॅमेरा नको. गरम हवेने चित्र पाण्यासारखं हलतं, धूर आणि पीठ लेन्सवर बसतं. मी पाइप हातभर बाजूला सरकवला, तेव्हा खरं चित्र मिळालं: पोळी दोन्ही हातांवर झुलत, ताणत, पार कोपरापर्यंत पसरते, आणि मग एका झोकात पालथ्या खापरावर. हा क्षण दोन सेकंदांचा. स्लो मोशन आधीच लावून ठेवा, मांडे करणाऱ्या बायका तुमच्यासाठी थांबत नाहीत.

ऊन मात्र गंभीरपणे घ्या. पारा ४२च्या पुढे होता. आयफोन ३५ अंशांपर्यंतच वापरा असं कंपनीच सांगते, माझा तर सकाळी अकरालाच इशारा दाखवून बंद पडला. काळा आर्म उन्हात राहिला तर हात लावता येत नाही. ओला पंचा कॅमेऱ्यावर नाही, सावलीसाठी वर ताणलेल्या दोरीवर टाका. बाहेरचं काम सकाळी नऊच्या आत किंवा पाचनंतर.

झोक्याचा शॉट फसला. कडुनिंबाला बांधलेल्या झोक्याच्या फळीला क्लॅम्प छान बसला, पण लोखंडी कोपर मुलींच्या गुडघ्याशी येत होतं. लगेच काढला. मनगटाएवढ्या फांदीवर लावला, तर तीही झोक्याबरोबर हलायची. शेवटी हातानेच घेतलं. गौराईची गाणी चालू असताना कॅमेरा लावण्याआधी विचारा. आम्हाला दोन घरांनी नाही म्हटलं, आणि ते बरोबरच होतं.

जमलं तर मुक्काम वाढवा. अमळनेरला संत सखाराम महाराजांचा रथ वैशाख शुद्ध एकादशीला निघतो, म्हणजे आखाजीनंतर जेमतेम आठवड्याने. मला रजा नव्हती.

पुण्यात आल्यावर तिसऱ्या दिवशी बॅगेत मुंग्यांची रांग दिसली. बगळ्याच्या टोकाच्या सांध्यात पुरण अडकलं होतं. आर्म उघडायच्या फंदात पडू नका, आतल्या दांड्या परत बसवणं जिकिरीचं. कोमट पाण्यात भिजवलेला जुना टूथब्रश, मग कोरडं फडकं, आणि मूठ सैल ठेवून रात्रभर पंख्याखाली.