टोपोशीटची वही, महिना सातवा: उजनीचा काठ पेन्सिलीने

टोपोशीट म्हणजे जमिनीचे चढउतार, नद्या, वाटा, वस्त्या दाखवणारा सरकारी नकाशा. पहिले सहा महिने मी त्यावर फक्त डोंगरच वाचले. कंटूर, म्हणजे सारख्या उंचीच्या रेघा, एकमेकींना चिकटल्या की कडा, फाकल्या की माळ, टोक चढाकडं वळलेलं असेल तर ओढा, उताराकडं असेल तर सोंड. ट्रेकवाल्यांना एवढं पुरतं. आमच्या ओळखीचे एक निवृत्त भूगोलाचे सर मात्र माझी वही चाळून म्हणाले, "डोंगर पाठ झाला तुझा. आता गावं तिथंच का बसली ते सांग की." आणि कपाटातून जोडलेल्या दोन जुन्या शीटांची झेरॉक्स काढून हातात दिली. इंचाला मैलवाली, म्हणजे १:६३,३६० ची.

पट्टा पुणे जिल्ह्यातला, भिगवण ते पळसदेवचा. नंबर ४७ जे/१५ आणि तिच्या खालची १६. (नवख्यांसाठी: हे नंबर आडवे नाही, वरून खाली मोजायचे. मी दोन महिने आडवे मोजत होतो आणि शेजारची शीट सापडत नाही म्हणून चरफडत होतो.)

या जुन्या शीटवर भीमेवरचं उजनी धरण नाहीच. भीमा आहे, आणि तिच्या काठाला टेकून गावं. गाडीवाटा गावातून निघून सरळ पात्राकडं उतरतात. वस्तीचा लाल ठिपका, देवळाचं चिन्ह, वाटेचं टोक, सगळं नदीकडं झुकलेलं. सोलापूर रस्ता जवळून जातो, पण गावांचं त्याच्याशी फारसं देणंघेणं दिसत नाही. पुस्तकात 'स्थान' आणि 'स्थिती' अशा दोन व्याख्या पाठ केल्या होत्या. गाव नेमक्या कोणत्या जागेवर आहे ते स्थान, आजूबाजूच्या कशाकशाशी जोडलंय ती स्थिती. यातली दुसरी मला या शीटवर पहिल्यांदा कळली.

मग ठरवलं, धरणाचा काठ आपणच काढायचा. उजनीची पूर्ण संचय पातळी, म्हणजे धरण भरल्यावर पाणी जिथवर चढतं ती उंची, ४९६.८३ मीटर. बटर पेपर खिडकीच्या काचेवर चिकटवला, शीट मागं धरली आणि ५०० ची कंटूर शोधायला लागलो. अर्धा तास. सापडेचना. सगळीकडे १,६००, १,६५०. आपल्या शीटला काहीतरी रोग झालाय असं वाटायला लागलं, तेव्हा तळाच्या पट्टीकडं बघितलं: उंची फुटांत, दर ५० फूट चढाला एक कंटूर. सात महिने वही लिहिणारा माणूस आणि सूची न वाचता कामाला लागला!

४९६.८३ मीटर म्हणजे १,६३० फूट. ती रेघ छापलेली नसते, १,६०० आणि १,६५० च्या मधून अंदाजानं ओढावी लागते. आता गंमत बघा. मृतसाठ्याची (धरणातून नेहमीसारखं सोडता न येणाऱ्या तळाच्या पाण्याची) पातळी ४९१.०३ मीटर, म्हणजे साधारण १,६११ फूट. दोन्हींत सहा मीटरचंही अंतर नाही. उन्हाळ्यात पेपरात 'उजनी मायनसमध्ये' असं छापून येतं ना, ते शून्य इथलं, १,६११ फुटांचं. धरण पूर्ण भरलं तर साधारण ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) आणि त्यातलं निम्म्याहून जास्त पाणी या शून्याच्या खाली. वरचं सगळं उपयुक्त पाणी माझ्या दोन छापील कंटूरांच्या मध्येच पसरलेलं. जमीन इतकी सपाट असल्यावर पाणी आडवंच पसरणार, आणि आडव्यात गावं होती.

माझा काठ आणि उपग्रहाचं चित्र ताडून बघितलं. ओढ्यांच्या तोंडाशी बरं जमलं, सपाटीवर पार फसलं. कंटूर जिथं फाकलेल्या, तिथं पेन्सिल दोन मिलिमीटर सरकली की जमिनीवर सव्वाशे मीटर जातात. नव्या १:५०,००० शीटवर ठेवून बघायचं असेल तर जुनी शीट आधी मोठी करून मूळच्या १२७ टक्के करून घ्या. झेरॉक्सवाल्याला "थोडं मोठं करा" म्हणू नका, आकडाच सांगा.

मे महिन्यात पळसदेवला गेलो. जुनं गाव पाण्यात, धरण १९८० ला पूर्ण झालं तेव्हापासून. आजचं गाव सोलापूर हायवेला. माझ्या बटर पेपरवर जुनी वस्ती पाण्याच्या रेघेच्या पार आत पडत होती. काठावर म्हशी घेऊन बसलेल्या एका म्हाताऱ्यांना कागद दाखवला.

"बाबा, पळसनाथाचं देऊळ इथंच ना?"

त्यांनी कागद उलटा धरला, मग सुलटा, मग बाजूला ठेवला आणि काठीनं पाण्याकडं दाखवलं. "त्ये काय तिकडं. पर मायनसला गेल्याबिगर दिसायचं न्हाई. त्येबी चांगलंच खाली जावं लागतं."

म्हणजे १,६११ च्याही खाली. माझं गणित बरोबर होतं, फक्त त्यांना ते गणिताशिवाय माहीत होतं. मग मी विचारलं, जुन्या घराचं तोंड कुठं होतं? "नदीकडं. आता समदी दारं रोडकडं."

नव्या शीटवर हेच दिसतं. वाटा आता पाण्याशी येऊन नुसत्या तुटतात, वस्ती हायवेला चिकटून लांबते. डिकसळजवळ इंग्रजांच्या काळचा रेल्वेपूल आहे. धरणामुळं लोहमार्ग हलवला आणि तो पूल पुढं रस्त्यावरच्या वाहनांसाठी वापरला गेला. जुन्या शीटवर रुळांची रेघ तिथून जाते, नव्या शीटवर ती भलतीकडूनच. मानवी भूगोल शिकायचा असेल तर हा एक तुकडा पुरे, असं माझं मत.

एक गोष्ट मात्र दोन्ही शीटांवर मिळाली नाही. इंदापूरकडचं कळाशी आणि करमाळ्याकडचं कुगाव, यांच्यामधली बोटीची वाट. रस्त्यानं मोठा वळसा पडतो म्हणून लोक पाण्यावरूनच जायचे. मे २०२४ मध्ये वादळी वाऱ्यात तिथंच बोट उलटली, सहा जण गेले. बटर पेपरवर मी ती वाट तुटक रेघेनं काढून ठेवली आहे.

पुढच्या महिन्यात कोकण, ४७ जी/३, गुहागर. खालचा पाट, वरचा पाट, सगळी वस्ती एका लांब रेघेत. यावेळी सूची आधी वाचणार.