मुलाला मुंबईला का जाऊ दिलं

"एवढी कलमं, वर सरकारचं अनुदान, तरी मुलगा मुंबईला कसा?" लग्नाकार्यात, एसटीत, बँकेच्या रांगेतसुद्धा हेच विचारतात. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सांगते.

१९९० साली रोजगार हमीतून फळबाग योजना आली. १०० टक्के अनुदान. दापोली तालुक्यातल्या आमच्या वरकस जमिनीत सासऱ्यांनी हापूस आणि काजू लावला. जिथं नाचणी-वरीपलीकडे काही होत नव्हतं, तिथल्या काजूबीवर नणंदेचं लग्न झालं. योजना फुकट गेली असं मी कधीच म्हणणार नाही. बचतगटात मीच बायकांना सांगायचे, "कलमं लावा, मुंबई विसरा."

मग ३ जून २०२० चं निसर्ग वादळ. लॉकडाऊनमध्ये नोकरी गेली म्हणून मुलगा घरीच होता. आंबे काढताना म्हणाला होता, "आई, आता इथंच राहतो." दुपारभर आम्ही माजघरात बसून पोफळी मोडल्याचे आवाज ऐकले. कडाड, मग जरा शांत, मग पुन्हा कडाड. संध्याकाळी वर बागेत गेलो, तर सासऱ्यांनी लावलेलं पहिलं कलम आडवं. मुळांनी जांभ्याचे दगड तसेच घट्ट धरलेले. मुलगा खोडावर बसून राहिला. मी काही बोलले नाही, तोही नाही.

भरपाई जाहीर झाली हेक्टरी ५० हजार. घरामागची वाडी १० गुंठे, म्हणजे ५ हजार. त्यात नारळ, पोफळी, जायफळ, मिरी किती दाटीनं उभी होती ते कोण मोजणार? वरच्या बागेचेही पैसे लगेच हातात येईनात. सातबारा सामाईक, १७ नावं, निम्मी मुंबईत, दोघं वारलेले. संमतीपत्रांसाठी मुलगा दोन महिने फोन करत होता. एका चुलत सासऱ्यांनी शेवटपर्यंत सही दिली नाही. नवीन कलम लावलं तर भरीचं उत्पन्न यायला दहा वर्षं. काजूचं म्हणाल, तर आफ्रिकेची बी आली की इथला भाव पडतो.

गणपती झाल्यावर तो गेला. मी थांब म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं का? कधी वाटतं हो. पण कशाच्या जोरावर म्हणणार होते?

बचतगटात सांगत होते ते खोटं नव्हतं. कलम जगतं. त्यावर तरुण माणूस जगवायचा तर जमीन त्याच्या नावावर लागते, एवढं मी तेव्हा सांगितलं नाही.

या पावसात काजूच्या वेंगुर्ला-४ जातीची २० कलमं लावली. खड्ड्यांची मजुरी त्याच्या पगारातून दिली. सातबाऱ्यावर वारस चढले, आता नावं २१ झालीत.