परवानगीचं पत्र येईपर्यंत गटिंग करू नका

बॅडमिंटनवर प्रबंध करायला निघालेल्या प्रत्येकाला मी आधी एकच गोष्ट सांगते. एथिक्स कमिटीचं, म्हणजे माणसांवरच्या संशोधनाला परवानगी देणाऱ्या समितीचं, पत्र हातात पडेपर्यंत एकाही रॅकेटला गटिंग करून, म्हणजे तारा ताणून बसवून, घेऊ नका. मी बारा रॅकेट तयार ठेवल्या होत्या आणि बाराच्या बारा कापाव्या लागल्या.

माझा विषय साधा होता. गटिंगचा ताण वाढला की खेळाडूच्या हातावर किती जास्त भार येतो? मी फिजिओथेरपीची विद्यार्थिनी आणि लहानपणापासून कोर्टवर. मोठे खेळाडू २८-३० पाउंडांवर खेळतात हे कळलं की शिकाऊ मुलंही तेवढंच मागतात, आणि पुढे कोपर धरून आमच्याकडे येतात. दुखतं ते कोपराच्या बाहेरच्या बाजूला, मनगट मागे वळवणारे स्नायू हाडाला चिकटतात तिथे. ज्यांनी आयुष्यात टेनिस खेळलं नाही त्यांनाही याच दुखण्याला ‘टेनिस एल्बो’ म्हणतात. एकाच मॉडेलच्या बारा रॅकेट घ्यायच्या, चार २२ पाउंडांवर, चार २५ वर, चार २८ वर, आणि फटका मारताना त्या स्नायूंमधले विद्युत संकेत ईएमजी या यंत्रावर टिपायचे, असा बेत होता.

विषय मंजूर झाला, वाचन झालं, यंत्र मिळालं. त्यात सांगण्यासारखं काही नाही. मग फाइल कमिटीकडे गेली.

बैठक महिन्यातून एकदाच. पहिल्या बैठकीनंतर फाइल परत आली. ‘धोके’ या रकान्यात मी ‘नाहीत’ असं लिहिलं होतं. हा आक्षेप रास्त होता आणि तो मी मनापासून मान्य करते. इलेक्ट्रोडच्या चिकटपट्टीने कातडीला पुरळ येऊ शकतं, शंभर स्मॅश मारताना खांदा भरून येऊ शकतो, बीप टेस्ट, म्हणजे बीपच्या तालावर पळायची दमाची चाचणी, तर दमून थांबेपर्यंतच पळायची असते. त्या वेळी मैदानात कोण असेल, प्रथमोपचार कोण करेल, दुखापत झाली तर उपचाराची जबाबदारी कुणाची, हे सगळं लिहायलाच हवं होतं. लिहिलं आणि फाइल दिली.

दुसऱ्या महिन्यात ती पुन्हा परत. या वेळी संमतिपत्र. त्यात मी ‘लॅटरल एपिकॉन्डिलायटिस’ असा खेळाडूंना न कळणारा शब्द (टेनिस एल्बोचंच वैद्यकीय नाव) टाकला होता आणि माझे दोन खेळाडू १७ वर्षांचे होते. पालकांची संमती हवी आणि त्या मुलांचा स्वतःचा होकार वेगळ्या कागदावर हवा. हेही बरोबरच. पण हा कागद पहिल्या दिवसापासून त्याच फाइलमध्ये होता! मग तो पहिल्याच बैठकीत कुणी का वाचला नाही? मी कमिटीच्या कार्यालयाच्या खिडकीपाशी जाऊन विचारलं, “अजून काही राहिलं असेल तर एकदमच सांगता का?” उत्तर आलं, “शेरा येईल तसं कळवू.”

तिसऱ्या महिन्यात शेरा आला, एका ओळीचा: ‘सहभागींपासून माहिती लपवली जात आहे.’

तो वाचून माझ्या हाताला कंप सुटला होता. मी लपवत होते तो एक आकडा, रॅकेट किती पाउंडांची आहे तो. आणि तो लपवल्याशिवाय हा अभ्यास होऊच शकत नाही. खेळाडूची पाउंडांवर श्रद्धा असते. २८ म्हणून हातात दिली की तो २८ सारखाच मारतो, मग गटिंग कितीही ढिली असो. ताठ गटिंग म्हणजे जोरदार फटका, असं बहुतेकांना वाटतं. टेनिसमध्ये हे पुष्कळ मोजून झालं आहे आणि तिथे उलटंच दिसतं. तारा दबल्या की घेतलेल्या ऊर्जेतली नव्वद टक्क्यांहून जास्त परत देतात, चेंडू दबला की बरीच गमावतो. म्हणून थोडी ढिली गटिंग वेग देते आणि ताठ गटिंग ताबा. ताठ म्हणजे जोरदार हा समज मनात घट्ट असलेल्या माणसाला आकडा सांगून टाकला, तर मी स्नायू मोजणार की समज?

मला वाद घालायचा होता. माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, “भांडू नकोस, लिही. त्यांची भीती खोटी नाही.” १९६४ च्या हेलसिंकी जाहीरनाम्यापासून माणसांवरच्या संशोधनात हाच धडा गिरवला जातो: ज्याच्यावर प्रयोग, त्याला कळून-सवरून हो म्हणता आलं पाहिजे. मग आम्ही संमतिपत्रात एवढंच घातलं:

“तुम्ही तीन वेगवेगळ्या ताणांच्या रॅकेटने खेळाल. कोणती किती पाउंडांची हे तुमची चाचणी संपेपर्यंत सांगितलं जाणार नाही, कारण आकडा कळला तर फटका बदलू शकतो. चाचणी संपताच आकडे तुम्हाला लेखी मिळतील. कधीही, कारण न सांगता थांबता येईल.”

चार वाक्यं. त्यांच्यासाठी आणखी एक महिना गेला. ज्यांना अशी माहिती झाकून ठेवायची आहे त्यांनी पहिल्याच अर्जात असं लिहा: काय झाकणार, का झाकणार, कधी उघड करणार. पाचव्या महिन्यात पत्र आलं आणि मी ते जिन्यातच उभी राहून तीनदा वाचलं.

आता रॅकेटबद्दल. उत्साहात मी पहिल्याच आठवड्यात गटिंग करून घेतली होती. नायलॉनची तार ताणून ठेवली की हळूहळू सैल पडत जाते. पहिल्या दिवसात सर्वांत जास्त, पुढे कमी कमी, पण न खेळताही पडते. नशीब एवढंच की गटिंग केली त्या दिवशी मी प्रत्येक रॅकेटचा आवाज नोंदवून ठेवला होता. पेन्सिलीने तारांवर हलकेच टिचकी मारायची आणि फोनवर कंपनसंख्या बघायची. ताण हा कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणजे कंपनसंख्या सहा टक्क्यांनी उतरली तर ताण जवळजवळ बारा टक्क्यांनी उतरला. माझ्या २८ च्या रॅकेट नेमक्या तेवढ्याच उतरल्या होत्या. २५ ची जागा २८ ने घेतली होती! त्या तशाच वापरल्या असत्या तर सगळा प्रबंध खोटा ठरला असता. म्हणून कापल्या. कापताना मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला जा, एका कडेने कापत गेलात तर फ्रेमवर वेडावाकडा भार येतो.

नंतर नियमच केला. गटिंग चाचणीच्या आदल्या दिवशी, चोवीस तास विश्रांती, आणि प्रत्येक खेळाडूच्या आधी व नंतर टिचकी. गटिंग करणारे काकाही एकच आणि मशीनही एकच. हाताने फिरवायच्या मशीनवर तार लॉक झाली की तिथेच थोडी सैलावते, इलेक्ट्रॉनिक मशीन मात्र ओढत राहतं. दोन्हींवर आकडा २५ च दिसतो, पण ताण सारखा नसतो.

शटलचं सांगायचं राहिलं. नियमाप्रमाणे १६ पिसं आणि वजन ४.७४ ते ५.५० ग्रॅम, पण एक पीस मोडलं की उड्डाण बदलतं. दर काही फटक्यांनी नवं घ्या आणि तो आकडा आधीच ठरवून ठेवा.

आणि बीप टेस्ट ईएमजीच्या दिवशी घेऊ नका, दमलेल्या स्नायूचा सिग्नल वेगळा येतो. मी ती आठवडाभर आधी घेतली. २० मीटरचं अंतर, ताशी ८.५ किलोमीटरने सुरुवात, दर मिनिटाला ताशी अर्ध्या किलोमीटरने वाढ. अर्थात ती सरळ रेषेत पळायची असते आणि बॅडमिंटनपटू कोर्टच्या सहा दिशांना धावतो. म्हणून मॅडमनी कोर्टवरच्या फुटवर्कची चाचणीही जोडायला लावली, तिचा मला जास्त उपयोग झाला.

संमतिपत्रात कबूल केल्याप्रमाणे प्रत्येकाला शेवटी आकड्यांची चिठ्ठी दिली, इतरांना सांगू नका अशी विनंती करून. एक दादा कित्येक वर्षं २८ शिवाय खेळले नव्हते. “सगळ्यांत छान लागली” म्हणून त्यांनी बाजूला काढलेली रॅकेट २२ ची निघाली. त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि विचारलं, “ही आज घरी नेऊ का?” नेता येणार नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यावर पुढचा खेळाडू होता.