तुम्ही विचारलंत म्हणून: रेडिओवरून थेट आमदारकीला का नाही?

लग्नात, बारशात, एकदा तर सावडायला गेलो होतो तिथंसुद्धा हा प्रश्न आला. "एवढी वर्षं सांगली आकाशवाणीवर बोललात. सगळा जिल्हा आवाज ओळखतो. मग आमदारकीला का नाही उभं राहिलात?" परवा तासगावच्या एका लग्नात पुन्हा कुणीतरी विचारलं. तोंडात जिलेबी होती म्हणून निभावलं.

आधी एक गैरसमज. मी तिथं नोकरीला नव्हतो, नैमित्तिक उद्घोषक होतो. महिन्याला फार तर 6 ड्यूट्या, बाकीचे दिवस वडिलांचं दुकान. सांगली केंद्र 1963 चं. प्रसारणाच्या सत्राला आमच्याकडं 'सभा' म्हणतात: पहिली सभा, दुसरी सभा. पहिली सभा वाट्याला आली की अंधारातच कानटोपी घालून लूना काढायची, क्यू शीट, म्हणजे कार्यक्रमांच्या क्रमाचा कागद, बघायची, पाणी प्यायचं आणि फेडर, म्हणजे आवाजाची सरकपट्टी, वर करायचा. "ही आकाशवाणी आहे. सांगली केंद्र." समोर काच, काचेपलीकडं जांभई देणारा इंजिनियर. या सभेतून कुणी उठून गेलं तरी आपल्याला कळत नाही. "ओ, ते पाण्याचं काय झालं?" असं मध्येच कुणी ओरडत नाही. चुकलं तर 'क्षमस्व' म्हणायचं आणि गाणं लावायचं. इतक्या सुखाच्या सभांची सवय लागलेला माणूस मी.

दुसऱ्या प्रकारची सभा एकदाच केली. ओळखीतले एक गृहस्थ विधानसभेला उभे होते, त्यांनी बोलायला बोलावलं. प्रचारात फिरणारा आवाज आकाशवाणीवर नको, म्हणून तेवढे दिवस ड्यूट्या घेतल्या नाहीत. जतकडच्या एका वाडीत देवळाच्या पारावर संध्याकाळी बोललो. चिडीचूप शांतता. मनात म्हटलं, जिंकलं. खाली उतरलो तर एक म्हातारी जवळ आली.

"आवाज वळखीचा हाय. बाजारभाव सांगनारा न्हवं का तू?"

"होय, आजी."

"मग आज हळद काय दरानं निघाली?"

पारावरचे सगळे हसले, मीही हसलो. पण तिच्या मागं एक माणूस उभा होता, तो हसत नव्हता. डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळून 11 दिवस झाले होते, द्राक्षबाग पाण्यावाचून उभी होती. मी चाचरायला लागलो. उमेदवारानं मला हातानंच बाजूला केलं, खिशातला फोन काढला आणि वायरमनला नावानं हाक मारून बोलायला सुरुवात केली. कुठला डीपी, कुणाच्या बांधाला, मागच्या वेळी तेल कधी बदललं, सगळं त्याला पाठ. मला त्या वाडीच्या नावाचा उच्चार अचूक येत होता, एवढंच. तो उमेदवार पुढं पडला, ही गोष्ट वेगळी.

पैशाचं तर बोलायलाच नको. विधानसभेची अनामत 10,000 रुपये, खर्चाची मर्यादा 40 लाख. एका ड्यूटीला काय मिळायचं ते सांगितलं तर तुम्ही विषयच बदलाल.

कुणी केरळच्या वीणा जॉर्ज यांचं नाव घेतं. टीव्हीवर बातम्या द्यायच्या, 2016 ला अरनमुलातून आमदार झाल्या, 2021 ला पुन्हा निवडून येऊन आरोग्यमंत्री. खरं आहे. पण गुजरातेत इसुदान गढवीही टीव्हीवरचेच. 2022 ला आम आदमी पक्षानं त्यांना मुख्यमंत्रिपदाचा चेहरा केलं आणि ते स्वतःच्याच खंभाळियात हरले. शिवाय ते दोघं दिसायचे. मी एसटीत बाजूला बसलो तरी कुणी ओळखत नाही. कंडक्टरकडं तिकीट मागितलं की मात्र दोन माना वळतात.

एक मित्र आणखी हुशार. म्हणतो, निवडणूक कशाला? विधान परिषदेत राज्यपाल 12 जण नेमतात. साहित्य, कला, विज्ञान, सहकार, समाजसेवा यांतले. आपल्याच जिल्ह्यातले माडगूळचे गदिमा होतेच की विधान परिषदेत! होते. पण 1955 ला पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं, ते त्यांनी लिहिलं होतं. मी आयुष्यभर पुढचं गाणं कुठलं, एवढंच सांगत आलो. हे ऐकून मित्र गप्प बसला, पण पटलं असं काही दिसलं नाही.

तर परवाचं लग्न. जिलेबी संपते न संपते तोच यजमानांनी माइक हातात दिला. एम एच 10 ची एक पांढरी गाडी मंडपाच्या दारात आडवी लावली होती, वरात अडली होती. "तुमच्या आवाजात सांगा, लगेच काढतील." घसा साफ केला आणि अगदी पहिल्या सभेच्या सुरात तीनदा विनंती केली. आख्खा मंडप माना वर करून ऐकत होता. गाडी जागची हलली नाही. शेवटी नवरीचा मामा उठला, पंगतीत जाऊन एकाला हाताला धरून उठवलं आणि किल्ली हातात देऊन दाराकडं घेऊन गेला.